मावळतीनंतरची भाकरी

पहिल्या खेपेला मला सहावा महिना लागला, तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात साखरेची तपासणी झाली. नर्सबाईंनी पाण्यात ग्लुकोज कालवून मोठा पेला हातात दिला. "हे प्या, दोन तासांनी रक्त घेऊ." पेला संपता संपेना, मळमळायला लागलं. सासूबाई शेजारी बसून पाठ चोळत होत्या. "एवढं गोड पाजल्यावर कुणाचीबी साखर वाढंल की," त्या पुटपुटल्या.

माझी वाढलेलीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, गरोदरपणात काहीजणींची वाढते, वेळेत कळलं हे बरं झालं. आधी खाण्यात बदल करून बघू. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं. आणि झोपण्याआधी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

मी सासूबाईंकडे बघितलं. आमचं जैनांचं घर. दिवस मावळला की जेवण बंद. मीही ते लग्नापासून पाळत आलेली. सासूबाईंनी तर कळायला लागल्यापासून अंधारात घास घेतला नव्हता.

"आवं डॉक्टर, दिवसाउजेडी पोटभर जेवली तर चालंल न्हवं?"

"नाही हो मावशी. सकाळपर्यंत फार वेळ होतो तिला."

कुपवाडला घरी येईपर्यंत रिक्षात मला रडू येत होतं. साखर म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, असंच मी समजत होते. बाळाला काही होणार तर नाही ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्या दिवशी सगळ्यांची जेवणं उजेडातच उरकली. दिवे लागल्यावर सासूबाई खोलीत आल्या. ताटलीत अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर दूध.

"दिवसाच करून ठेवलीया. खा."

"आई, तुम्हाला चालेल?"

"नेम माझा हाय. पोटातल्यानं कुठं घेतलाय?"

माझं खाऊन होईपर्यंत त्या कॉटवर बसून राहिल्या. पुढं रोजच हे चाललं. सासरे एकदा दारातून बघून पुढं गेले.

नंतरच्या तपासण्यांत साखर आटोक्यात राहिली, इन्सुलिन लागलं नाही. मुलगी झाली. तिच्या टाचेला सुई टोचून साखर बघितली, तेव्हा तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला आणि सासूबाईंनी तोंड फिरवलं. आकडा चांगला आला.

आता मी दरवर्षी साखर तपासून घेते. गेल्या वेळी सासूबाई सोबत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी न विचारता आपलं बोट नर्सबाईंपुढं धरलं.