मोरीमागचं पाचीचं झुडूप

आईची ट्रंक उघडली की साड्यांत घातलेल्या पाचीच्या सुक्या पानांचा, ओल्या मातीसारखा वास येतो. हे झुडूप तिनं जित्याहून, माहेरच्या दारातून, काडी आणून कासूच्या आमच्या घरी मोरीच्या पाण्यावर वाढवलं होतं. गणपतीआधी एकदा बाबा रोह्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आले आणि झोपेच्या डोळ्यांनी अंगणातलं गवत काढताना त्यांनी तेही मुळासकट उपटलं. एवढा वास हाताला लागला, तरी त्यांना कळू नये! आई बाजारातून आली तर अंगणभर तोच वास. तिनं गवताच्या ढिगातून झुडूप बाजूला काढलं, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. चिखलाच्या पायांनी तसेच गाडी पकडून ते नवी काडी आणायला जित्याला गेले, तर तिथं मामानं दारात लादी बसवलेली. संध्याकाळी ते पेणच्या बाजारातून मरव्याची कुंडी घेऊन आले. "ह्यालापन वास हाय गो," म्हणाले. "व्हय," म्हणून आईनं मरव्याला पाणी घातलं. उपटलेल्या झुडपाची पानं तिनं तोवर सुपात वाळत टाकली होती. तीच ही पानं. आता आई नाही. मी तिची एखादी साडी बाहेर काढली की बाबा दारातूनच म्हणतात, "लवकर बंद कर गो ट्रंक, वास जाईल सगला."