चार्ज कोणी घेतला?

आधीच सांगते, गूढ अनुभवांच्या या पेजवर मी फक्त लोकांच्या गोष्टींतल्या चुका काढायला येत असे. माझा धंदाच तो, सॉफ्टवेअर टेस्टरचा. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही तो बगच नाही, असं मी ज्युनिअर्सना ऐकवत असते. हा अनुभव मला पुन्हा करून दाखवता येणार नाही... तरी लिहितेय. हवं तर हसा.

२००७ चा जानेवारी. मँचेस्टरमध्ये लेव्हनशुल्मला आमचं घरांच्या रांगेतलं छोटं टेरेस हाउस, आणि किचनमध्ये सिंकच्या वर घर आणि पाणी तापवणारा जुना कॉम्बी बॉयलर. नवरा महिनाभर कामासाठी ॲबर्डीनला गेला होता. घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांना इकडे आणून तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत ते एक अक्षर बोलले नव्हते.

खरं तर आठ महिने. आई सांगलीच्या हॉस्पिटलमध्ये वारली, त्या क्षणी अप्पा खाली कँटीनमध्ये चहा प्यायला गेले होते. पाच मिनिटं. मी इकडून फोनवर ओरडले, "त्या वेळी तुम्ही कुठे होतात?" त्यांनी फोन ठेवला, आणि त्यानंतर कुणाशीच बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. मला खरं कारण माहीत होतं. जिभेला हाड नसतं, हे मला फार उशिरा कळलं. आता तर त्यांचं जेवणही दोन घासांवर आलं होतं, आणि माझा तो प्रश्न उराशी घेऊनच हा माणूस जाणार अशी मला भीती वाटायची.

त्यात शुक्रवारी सकाळी बॉयलर गळायला लागला.

हीटिंग लावलं की प्रेशर गेजचा काटा सरसर तीनवर जायचा, खालून पाणी ठिबकायचं, आणि थंड झाल्यावर काटा शून्याला टेकून बॉयलर बंद. खालचा नळ फिरवून मी पुन्हा पाणी भरायची, काटा सव्वावर आणायची, की पुन्हा तेच. इंजिनिअर फोनवर म्हणाला, गॅसचा वास नाही ना, मग सोमवारी. बाहेर बर्फ पडत होता. मी ठिबकणाऱ्या पाण्याखाली पातेलं ठेवलं आणि वहीत दर अर्ध्या तासाचं रीडिंग लिहायला लागले. सवय, दुसरं काय.

दुपारी तीनच्या सुमाराला अप्पा आपणहून उठले, खुर्ची ओढली आणि बॉयलरसमोर बसले.

अप्पा चौतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. पुढच्या पाळीच्या माणसाने चार्ज घेतल्याशिवाय काट्यासमोरून उठायचं नाही, हा त्यांचा धर्म. एका वर्षी हंगामाआधी बॉयलर पेटवतानाच्या, अग्निप्रदीपनाच्या पूजेला आई-अप्पा कन्यादानाला बसावं तसे जोडीने बसले होते, तेव्हापासून आई त्या बॉयलरला आपला जावई म्हणायची. डबा घेऊन आली की दारातूनच हसायची, "अहो, जेवून या जा, मी बघते काट्याकडे." अप्पांनी ते कधी ऐकलं नाही.

तर अप्पा बसले, आणि काटा सव्वावर थांबला. गरम असो, गार असो, सव्वा. वहीचं पान माझ्याकडे अजून आहे: १.२५, १.२५, १.२५... आणि प्रत्येकापुढे अप्पांचं नाव. ठिबकणं मात्र चालूच होतं. पाणी जात होतं आणि प्रेशर उतरत नव्हतं. दोन रात्री त्यांनी खुर्चीतच काढल्या. मी खांद्यांवर रजई टाकायची, ते काट्यावरची नजर हलवायचे नाहीत. घर उबदार होतं आणि मला सारखी पेंग येत होती. खिडकीबाहेर पांढरं, आत पाण्याचा टपटप आवाज. शुक्रवार कुठे संपला आणि शनिवार कुठे सुरू झाला तेच कळेना.

रविवारी चार वाजता उतरतं ऊन किचनमध्ये आलं होतं. मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. आधी वास आला, कढईत उसाचा रस उकळतानाचा, गोड आणि जड. मग अप्पांचा आवाज आला.

"बाळ, चहा टाक."

आठ महिन्यांनी. अप्पा खुर्चीतून उठून उभे होते. मला भलतंच सुचलं. म्हटलं, "अप्पा, आणि काटा?"

"चार्ज दिलाय," ते म्हणाले.

कोणाला, हे विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी चहाबरोबर तीन टोस्ट खाल्ले आणि वर जाऊन झोपले. मी रीडिंग घेत राहिले. रिकाम्या खुर्चीसमोर काटा रात्रभर सव्वावर होता.

सोमवारी इंजिनिअर आला. आत पाऊल टाकताच म्हणाला, "टॉफी केली होती का?" मी काहीच शिजवलं नव्हतं. पातेल्याच्या कडेने मुंग्या लागल्या होत्या, भर जानेवारीत. त्याने कव्हर उघडलं, आतला प्रेशर सांभाळणारा डबा ठोकून पाहिला आणि मला दाखवला. रबर फाटून चिंध्या झालेलं. "हे कित्येक महिन्यांचं आहे. यावर प्रेशर तासभरही टिकणार नाही." मी वही पुढे केली. त्याने ती वाचली, गेज बिघडला असेल म्हणून आपला गेज लावून पाहिला. आमचा ठीक होता. खांदे उडवून त्याने नवा डबा बसवला.

तो गेल्यावर मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही बसलात म्हणून घर गरम राहिलं."

"रविवारी चारनंतर मी कुठं होतो?" अप्पा म्हणाले. "तुझी आई आली. म्हणाली, अहो, चहा पिऊन या जा, मी बघते." मग त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "त्या दिवशीबी हेच म्हणाली होती. हॉस्पिटलात. चौतीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं तिचं, म्हटलं आज ऐकावं."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. माफी मागायची होती, ती नीट मागताही आली नाही.

अप्पा त्यानंतर सहा वर्षं होते, आणि भरपूर बोलले. त्या दिवसाचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. हीटिंगच्या पाण्यात घालतात ते अँटिफ्रीझ गोडसर असतं, हे मलाही माहीत आहे, आमच्या पाण्यात ते नव्हतं. प्रेशर कसं टिकलं, मुंग्या कुठून आल्या, हे दोन्ही प्रश्न माझ्या यादीत अजून उघडे आहेत. वहीत रविवारी चार वाजेपर्यंतच्या प्रत्येक रीडिंगपुढे "कोण पाहतंय" या रकान्यात मी अप्पांचं नाव लिहिलं होतं. त्यानंतरचा रकाना कोरा होता. मागच्या वर्षी मी तिथे आईचं नाव लिहिलं.