ताईने दुरुस्त केलेलं वाक्य

माझी सगळी नाटकं ताईने टाईप केली आहेत. ती एका दवाखान्यात रिपोर्ट टाईप करते, आणि माझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नाही. आमचं थिएटर गोदामाच्या वरच्या मजल्यावरचं, चाळीस खुर्च्यांचं. तिथे माझ्यासारखा दीडशहाणा लेखक पुरतो.

नवं नाटक नवऱ्याने सोडलेल्या बाईचं होतं. भावोजी घर सोडून गेले त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात माझ्याजवळ जे बोलली, ते मी शब्दन्शब्द उचललं, निदान मला तसं वाटत होतं. आणि सवयीने कागद तिच्याच हातात दिले. इतका मी गाढव.

चार दिवसांनी तिने प्रती आणल्या.

"पान बावीसवर एक वाक्य बदललंय," ती म्हणाली. "मी तसं म्हणाले नव्हते."

मी पान काढलं. माझी बाई म्हणत होती, "गेला तो, सुटले मी." तिथे आता होतं, "त्याचा डबा भरून झाला होता. मग मीच खाल्ला, उभ्या उभ्या."

मला मान वर करवेना. "ताई, हा प्रसंगच काढून टाकतो."

"टाक," ती म्हणाली.

मी टाकला नाही. तिचं वाक्य माझ्यापेक्षा सरस होतं, आणि प्रयोगात त्यावर सगळं थिएटर चिडीचूप होतं.

पुढचं नाटकही ताईनेच टाईप केलं. फक्त आता घरी आली की ती माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही.