झोपडीच्या पेटीतलं एक मत

यवतमाळ लोकसभा मतदारसंघ आता त्या नावानं उरलेला नाही. वाशीमशी गाठ मारून त्याचं नवं बारसं झालं. जुन्या निवडणुकांचे आकडे कुठंतरी धूळ खात असतील. त्यात कोण किती मतांनी आलं ते सापडेल. पण दारव्ह्याच्या अलीकडच्या पिंपरखेडात एकोणीसशे सत्तावन्न साली पडलेल्या एका मतापायी एका घरात पाच वर्षं चूल धुमसली, ते सापडायचं नाही.

मत मैनाबाईचं होतं. मैनाबाई म्हणजे वामनरावांची थोरली. थोरली म्हटलं की धाकटी आलीच. मूलबाळ झालं नाही म्हणून वामनरावांनी दिग्रसची विमल करून आणली. तेव्हा कायदा आडवा आला नव्हता, आणि मैनाबाईला कोणी विचारलंही नव्हतं. तिनं एकच गोष्ट मागून घेतली: मान पहिला माझा. सणाचं कुंकू आधी मला, आणि पोळ्याला बैलांची पूजा आधी माझ्या हातची. वामनराव हो म्हणाले. नवरा वाटून घ्यावा लागला, पण पोळ्याचं ताट मैनाबाईनं कधी वाटून घेतलं नाही. ती बैलांच्या कपाळाला कुंकू लावायची तेव्हा विमल मागं तांब्या धरून उभी असायची, आणि मैनाबाईला तेवढा एक दिवस वर्षभर पुरायचा.

विमल चार बुकं शिकलेली, गोरी, तोंडाची चुरचुरीत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिला मुलगी झाली. यातली एकही गोष्ट मैनाबाईनं तिला कधी माफ केली नाही.

सत्तावन्नच्या निवडणुकीत वामनराव बैलजोडीच्या खुणेवर लढणाऱ्या पक्षाचे गावातले पुढारी. उमेदवाराला त्यांनी ओट्यावर बसून शब्द दिला होता, "आपल्या गावचं एक मत बाहेर जाऊ देत नाही साहेब." बायांमध्ये प्रचाराला जीपगाडीतून विमल हिंडली. मैनाबाई घरी त्या सगळ्यांच्या भाकरी थापत होती, आणि जीपचा आवाज आला की पीठ जरा जास्तच जोरात आपटत होती.

तेव्हाची मतदानाची तऱ्हा आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर त्याची खूण चिकटवलेली. चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का नाही, फुली नाही.

शाळेत बायांची रांग लागली. मैनाबाई सगळ्यांच्या पुढं. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आता हे काय विचारणं झालं? मैनाबाईनं पदर तोंडावर ओढला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नव्हतं.

"बाई, नाव सांगा. यादीत दोन मैनाबाया आहेत."

मैनाबाईनं पदर आणखी खाली ओढला. मागून विमलनं मान पुढं काढली आणि घडाघडा म्हटलं, "बैलजोडीच्या गळ्यात घुंगराची माळ, वामनरावांचं नाव घेते, मताची झाली वेळ!"

शाळा हसली. मतदान घेणारा साहेब ओरडला, "इथं खुणेचं नाव काढायचं नाही!" पण तोही हसतच होता. कारकुनाला वामनराव सापडले, त्यांच्या नावापुढची विमलही सापडली. त्यानं आधी तिच्याच बोटाला शाई लावली आणि तिला आत सोडलं. थोरली उभी राहिली, धाकटी गेली.

मैनाबाई आत गेली तेव्हा तिला बैलजोडीच्या पेटीवर ओलं कुंकू दिसलं. दोन्ही बैलांच्या कपाळावर, बरोबर मधोमध. वर चार अक्षता. विमलचं बोट तिला लाखात ओळखू आलं असतं.

बैल सवतीनं आधी पूजले! पोळ्याचा मान हिनं शाळेत येऊन उचलला! आता मी हिच्यामागून हात लावू?

शेजारी विरोधी उमेदवाराची, झोपडीच्या खुणेची पेटी होती. कोरडी, कपाळ पांढरं. मैनाबाईनं कनवटीची कुंकवाची डबी काढली, झोपडीच्या दाराला ठसठशीत बोट लावलं आणि चिठ्ठी त्या पेटीत सोडली. पक्ष, देश, दिल्ली यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. इथं तरी मी पहिली, एवढंच होतं.

बैलजोडी निवडून आली. पण मतमोजणीला बसलेला वामनरावांचा सोबती बबनराव यवतमाळहून परतला तो ओट्यावर टेकायच्या आधीच बोलला, "वामनराव, आपल्या गावच्या झोपडीच्या पेटीत एक चिठ्ठी निघाली. अन् पेटीले कुंकू!"

"एकच?"

"एकच. आपले उमेदवार साहेब हसून राह्यले होते. म्हने, वामनरावाच्या घरातच झोपडी हाये का?"

वामनरावांचा चेहरा पडला. विमल कुंकू घेऊन गेली होती हे गावाला ठाऊक होतं, आणि तिचा भाऊ दिग्रसला झोपडीचं काम करत होता. झालं, निवाडा लागला. दाराआड उभ्या मैनाबाईच्या मनात लाह्या फुटत होत्या. आता धाकटीची जिरते! तेवढ्यात बबनरावानं विचारलं, "थोरल्या वहिनीनं तर नसंन टाकलं?"

"ते?" वामनराव म्हणाले, "ते गाय हाये बिचारी. तिले बैल दाखवला तं बैल, झोपडी दाखवली तं झोपडी. तिच्यात कुठून येते एवढी हिंमत!"

लाह्या तिथंच करपल्या.

आणि पुढं जे झालं ते तर मैनाबाईच्या हिशेबातच नव्हतं. तिला वाटलं होतं, नवरा धाकटीला टाकून बोलेल. तो बोलला, पण तिच्याशीच बोलत बसला. आठ दिवस रागानं, महिनाभर रुसून, आणि मग गमतीनं. विमल "मी नाई टाकलं, तुमची आन" म्हणायची, आणि ती जितकी नाकारायची तितका त्याला जास्त रस यायचा. तिचं नाव पडलं 'झोपडीवाली'. "झोपडीवाले, पानी आन वं." बाजारातून तिला हिरवं लुगडं आलं, "आता तरी बैलाले मत देशीन का?" असं म्हणत. मैनाबाईलाही लुगडं आलं, मुकाट्यानं, खुंटीवर.

मत माझं आणि नाव हिचं! चोरीही हिच्याच नावावर चढावी? मैनाबाई भाकरी उलटताना बोट भाजून घ्यायची आणि चुलीला शिव्या द्यायची.

मध्ये महाराष्ट्र झाला. बासष्टची निवडणूक आली. ओट्यावर पुन्हा माणसं जमली, पुन्हा तेच, "वामनराव, औंदा झोपडीवालीले बांधून ठेवा!" सगळे हसले. आत विमलही हसली. ते हसू मैनाबाईनं ऐकलं आणि ती चहाची कपबशी हातात घेऊन भर माणसांत जाऊन उभी राहिली.

"ते मत माह्यं होतं."

वामनराव गहिवरून म्हणाले, "पाह्यलं का बबनराव? सवतीले वाचवून राह्यली. थोरलीचं मन हे असं!"

"अवो, मी टाकलं! ह्या हातानं!"

"बस झालं वं. जा घरात."

माणसांनी माना डोलावल्या. बबनराव तर म्हणाला, "अशी सवत देवानं सगळ्याईले द्यावी." मैनाबाईनं कपबशी त्याच्या डोक्यात घातली नाही, ती केवळ बशी नवी होती म्हणून.

ती तणतणत चुलीपाशी आली. विमल फोडणी घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाई, मले ठाऊक होतं."

"काय?"

"मत तुमचं ते. घरून कुंकू घेऊन दोघीच गेलो होतो. मी झोपडीले लावलं नाई. मंग कोनं लावलं?"

"मंग पाच वर्सं बोलली काहून नाई?"

विमलनं तेलात मोहरी टाकली. "कायले बोलू? पाच वर्सं ते माह्याशीच भांडून राह्यले. तुमचं नाव सांगतलं असतं तं तुमच्याशी भांडले असते."

फोडणी तडतडली ती मैनाबाईच्या कानातच.

मतदानाच्या दिवशी ती उजाडायच्या आत शाळेच्या दारात. कारकुनानं तोंड उघडायच्या आधीच तिनं ठणकावलं, "वामन तुकाराम! लिव्हा!" उखाणा नाही, पदर नाही. मागच्या बायांनी "अगंबाई!" म्हणत तोंडाला पदर लावले. विमल मागं उभी होती, तिला मैनाबाईनं कोपरानं आणखी एक पाऊल मागं सारलं.

पण आत तऱ्हा बदललेली. आता एकाच कागदावर सगळ्या खुणा, एक शिक्का आणि सगळ्यांना मिळून एकच पेटी. पूजायला काही राहिलंच नव्हतं. मैनाबाईनं झोपडीवर शिक्का मारला, कागदाची घडी घालून पेटीत टाकली, आणि आता बघू म्हणत बाहेर येऊन सरळ वामनरावांना सांगितलं, "पुन्हा टाकलं. झोपडीत. आता एक निघंन ते माह्यं."

वामनराव या वेळी हसले नाहीत. ओट्यावर तिच्या शेजारी बसले, तिच्या बोटाची शाई पाहिली आणि दोन दिवस तिच्याशी नीट भांडले. पाच वर्षांत पहिल्यांदा. मैनाबाईनं दोन दिवस त्यांना तोडीस तोड उत्तरं दिली आणि भाकऱ्या फुगवून वाढल्या.

तिसऱ्या दिवशी बबनराव मोजणीहून आला. बैलजोडीच निवडून आली होती.

"अन् आपली झोपडी?" वामनरावांनी विचारलं.

"आपल्या गावची दोन मतं."

वामनरावांची मान आपोआप माजघराकडं वळली. तिथं हिरवं लुगडं नेसून विमल तांदूळ निवडत बसली होती, खाली मान घालून, गालातल्या गालात.

"झोपडीवाले!" वामनराव ओरडले, आणि ओट्यावरून उठून आत गेले.

मैनाबाई एकटीच ओट्यावर उरली. बैल तर गेलेच होते, आता झोपडीतही सवत येऊन बसली होती.