माझ्या पोटाचं परमिट

माझं डावं अंडाशय सात वर्षांपूर्वी गाठीला पीळ बसल्यामुळे तातडीनं काढावं लागलं. गेल्या वर्षी उजव्या बाजूलाही चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताची गाठ निघाली, तेव्हा प्रश्न एकच होता. ही गाठ काढताना उरलेलं एकुलतं एक अंडाशय जळता कामा नये. मला मूल हवं होतं. अजूनही हवंय.

सयाजीगंजातल्या डॉक्टरांकडे लेझर होता. काचेच्या दारापासून लिफ्टपर्यंत त्याचीच पोस्टरं. लेझर वरवर जाळतो, आतल्या भागाला झळ कमी लागते, असं त्यांनी समजावलं आणि विजेच्या करंटनं जाळणाऱ्या कॉटरीला नाक मुरडलं. पाणीगेटचे डॉक्टर दुर्बिणीतून कॉटरीनंच काम करायचे. सरावलेल्या हातात दोन्हींत फार फरक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचाही संशय. एकाकडे मशीन आहे म्हणून ते चांगलं, दुसऱ्याकडे नाही म्हणून त्याची गरज नाही.

मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना. हत्यारावरचं इन्सुलेशन केसभर चिरलं तरी करंट भलत्या जागी उतरतो, हे मी रोज बघते. आमच्याकडे परमिट भरल्याशिवाय साधा फ्यूजही कुणी काढत नाही. काम काय, हत्यार कोणतं, काय सांभाळायचं, हे सगळं त्यात लिहायचं आणि खाली काम करणाऱ्यानं सही करायची. काम संपलं की काय केलं ते त्यानं लिहायचं. मग परमिट देणाऱ्यानं बघून सही केली, तरच ते बंद होतं.

कोरा फॉर्म घरी आणून मी माझ्या पोटाचं परमिट भरलं, देणारी मीच. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "अगं, ते डॉक्टर आहेत, फिटर नाहीत." फिटर परवडला, त्याचं काम निदान टेस्ट करून बघता येतं, असं मी त्याला सुनावलं. शेवटची ओळ मी लिहिली होती: अंडाशय काम करत राहील.

सयाजीगंजच्या डॉक्टरांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली. वाचलंसुद्धा नाही. त्यांचा लेझर चांगला असेलही, पण मला तो माणूस नको झाला.

पाणीगेटचे डॉक्टर चष्मा लावून वाचत बसले. इन्सुलेशन कधी तपासता, असं मी विचारल्यावर त्यांनी सिस्टरना बोलावलं. प्रत्येक ऑपरेशनआधी भिंगानं बघतो, असं सांगत सिस्टरनी आवरण चिरलं म्हणून बाद केलेली एक कात्रीही दाखवली. मग 'अंडाशयावर करंट नाही, रक्त थांबवायला टाके' या ओळीत डॉक्टरांनी 'शक्यतो' असा शब्द घातला. शेवटची ओळ सरळ खोडली.

"बेन, आ हुं नहीं लखी आपुं."

हे मी लिहून देणार नाही, असं ते गुजरातीत म्हणाले. मला भयंकर राग आला. जिन्यात उभी राहून रडले. आणि रिक्षात बसल्यावर नवऱ्याला म्हटलं, ह्यांच्याकडेच करू.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, तेव्हा उशीखालचा फॉर्म मी पुढे केला. टाळतील, अशी माझी खात्री होती. ते स्टुलावर बसून लिहू लागले. गाठ काढली. टाके घातले. एका जागी रक्त थांबेना, तिथे करंट वापरला, दोनदा, क्षणभर. खाली सही. हे त्यांनी लिहिलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, ते खोटं होतं.

त्याला आता वर्ष होत आलं. सोनोग्राफीत अंडाशय जागेवर दिसतं. दर महिन्याला पाळी आली की मला ते दोन क्षण आठवतात. लेझर असता तर ते टळले असते का, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. परमिट माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. त्यावर देणाऱ्याची सही मी अजून केलेली नाही.