ज्याला येईल त्यानं मारायचं

आमचे गुरुजी स्वतः फार कमी मारायचे. ते आम्हाला एकमेकांना मारायला लावायचे.

रीत अशी होती. रांगेतल्या पहिल्या मुलापासून प्रश्न सुरू व्हायचा. ज्याला येणार नाही तो उभा राहायचा, मग दुसरा, मग तिसरा. ज्याला उत्तर येईल त्यानं उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. कुणी हळू मारली तर गुरुजी त्याला पुढं बोलवायचे, "अशी मारतात होय?" म्हणायचे आणि कशी मारायची ते त्याच्याच गालावर दाखवायचे. एकदा दाखवलं की तो मुलगा पुन्हा हळू मारत नसे.

आम्ही राहायचो ती वसाहत लढाई संपल्यावर बांधलेली होती. पलटणीतून परत आलेल्या लोकांसाठी शहराबाहेर, बावड्याच्या अंगाला, कौलारू खोल्यांच्या लायनी उभ्या केल्या होत्या. दोन खोल्या, पुढं कट्टा, आणि प्रत्येक लायनीला एक नळ. मधल्या भिंती एका विटेच्या. एका घरात मार सुरू झाला की चौथ्या घरात कळायचं. हाताचा आवाज वेगळा, काठीचा वेगळा, पट्ट्याचा वेगळा. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "आज पट्टा हाय." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची. नळावर घागरी डोक्यात घालण्यापर्यंत भांडणं जायची. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. सगळीकडे असंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

गुरुजी शहरातून सायकलवर यायचे. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत त्यांचं गावाकडचं घर गेलं होतं, असं बायका नळावर बोलायच्या. ते जोरानं बोलत नसत. टोपी नीट बसवायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हं, सुरू करा." आवाज वर्गात व्हायचा तो आमच्या हातांचा.

माझी मैत्रीण शेजारच्याच खोलीत राहायची. तिचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. त्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो. मामा हसले की सगळी लायन हसायची, आणि चिडले की सगळी लायन दारं ओढून घ्यायची. पलटणीचा पट्टा त्यांच्या दाराआड खिळ्याला असायचा.

मी लाजाळू होते, कुणापुढं तोंड उघडत नसे. ती माझ्या वाटणीचंही बोलायची. अभ्यास मात्र आम्ही भिंतीतून करायचो. मी माझ्या बाजूनं टिचकी मारायची, तिनं तिच्या बाजूनं कान लावायचा. चौथीत आम्हाला औटकी होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. त्याची आम्ही वाटणी केली होती. मी म्हणायची साडेतीन, ती म्हणायची सात. मी साडेदहा, ती चौदा. मी साडेसतरा, ती एकवीस. मी साडेचोवीस, ती अठ्ठावीस. अर्ध्याचे आकडे सगळे माझ्याकडे आणि पुरे सगळे तिच्याकडे आले होते. ती म्हणायची, "तुझं सगळं अर्धंमुर्धंच की गं."

वसाहतीतली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला शहरातल्या मुलींच्या शाळेत चालत जावं लागायचं आणि अर्धी वाट उसातून होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी कसंबसं विचारलं होतं. ते म्हणाले, "दोघी आसला तर जावा. एकलीला उसातनं सोडणार न्हाय मी." मैत्रिणीच्या आईनंही तेच म्हटलं. म्हणजे दोघी पास झालो तर दोघींची शाळा, नाही तर एकीचीही नाही. सातवी झाली की शाळेत बाई होता येतं, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. मला बाई व्हायचं होतं. ते मी तिच्याशिवाय कुणाला बोलले नव्हते.

तिसरीत असताना एकदा माझं उत्तर बरोबर आलं होतं. मी सात मुलांच्या थोबाडीत दिल्या होत्या. त्यातल्या तिघांनी संध्याकाळी मला उसाच्या बांधावर गाठलं. दोघांनी हात धरले, एकानं वेणी धरून तोंड मुरमात घासलं. "मार की आता. मार की गं मास्तरीण." पुढचा एक दात अर्धा तुटला. घरी मी पडले म्हणून सांगितलं. आईनं हळद लावली आणि खाली बघून चालत नाही म्हणून पाठीत एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनंच शहाणपण काढलं. "आपल्याला येत न्हाय म्हणायचं. गुरुजीच्या वर्गात एक थोबाडीत खाल्ली की संपलं. ह्यांचा मार संपत न्हाय." आम्ही आईशप्पथ घेतली. तेव्हापासून आम्हाला सगळं येत होतं आणि आम्ही काही येत नाही म्हणून उभ्या राहत होतो. रोज एकदोन थोबाडीत बसायच्या. गाल लाल घेऊन घरी जायचो आणि भिंतीतून सगळी उत्तरं बरोबर म्हणायचो. वर्षभर आमचं तसं चाललं.

परीक्षेला पंधरा दिवस होते. चौथीची परीक्षा घ्यायला डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे. त्या दिवशी गुरुजींनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "ज्याला औटकी येत नाही त्याला मी डिपोटीसाहेबांच्या पुढं बसवणार नाही. माझी लाज जाते. हं, औटकीतला सातवा."

पहिल्या मुलापासून सगळे उभे राहत गेले. अकरा मुलगे उभे राहिले. मग मुलींची रांग. मुली आम्ही दोघीच, ती आधी, मी शेवटी. ती उभी राहिली.

"तूही नाही? मग परीक्षेला येऊ नकोस," गुरुजी म्हणाले.

तिला वाटत होतं, गुरुजी नुसतं म्हणतात. मामा रोज जीव घेईन म्हणायचे, म्हणून मोठ्या माणसांचं म्हणणं ती निम्मंच धरायची. तिनं माझ्याकडं बघितलं. आता मी उभी राहणार, कुणालाच आलं नाही म्हणून गुरुजी सगळ्यांना एकेक छडी देणार आणि घंटा होणार, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

मला मात्र गुरुजींचं म्हणणं खरं वाटलं. मला उसातली वाट दिसली आणि ती बंद झालेली दिसली. मी तरी परीक्षेला बसले पाहिजे एवढंच डोक्यात आलं, एकलीला ती वाट नाही हे आलं नाही.

मी म्हणाले, "साडेचोवीस."

गुरुजी म्हणाले, "शाब्बास. चला, मारा."

मी मुलग्यांच्या रांगेतून गेले. नाक धरायचं आणि मारायचं. एकाच्या नाकाला शेंबूड होता, तो माझ्या बोटांना लागला. त्या मुरमात घासणाऱ्यालाही मी मारली. तो दात न उघडता म्हणाला, "संध्याकाळी ये." शेवटी मी तिच्यापुढं आले. मी तिचं नाक धरलं नाही. गालाला नुसता हात लावला.

"इकडं ये," गुरुजी म्हणाले.

मी गेले. त्यांनी दाखवली. माझ्या डोळ्यांपुढं पिवळं झालं आणि तोंडात रक्ताची चव आली.

"अशी. जा."

मी परत आले. ती हळूच म्हणाली, "मार लवकर. परत बोलावतील." मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी, अंगात होता तेवढा जोर लावून मारली. हात गालावर पडला नाही, कानावर पडला. डबा झाकताना होतो तसा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा तिनं कानावर हात धरला होता. ती रडत नव्हती. मान वाकडी करून, जणू लांबून कुणी हाक मारतंय तशी, ती ऐकत होती.

संध्याकाळी मुलग्यांनी बांधावरून दगड मारले. ती माझ्याबरोबरच होती. मला वाटलं होतं, ती पुढं निघून जाईल. ती गेली नाही. एक दगड तिच्या पाठीत बसला, तेव्हा तिनंच वळून शिव्या घातल्या. माझ्याशी मात्र घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी तिनं कट्ट्यावरून पडले म्हणून सांगितलं. कान दुखतो म्हटल्यावर तिच्या आईनं लसूण घालून गोडेतेल कढवलं आणि कोमट करून कानात सोडलं. तो वास भिंतीवरून आमच्याकडं येत होता. आठ दिवस रोज येत होता. तेलानं कान मोकळा होतो असं सगळ्याच बायका म्हणायच्या, माझ्या आईनंसुद्धा आमच्यातली लसणाची कुडी नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी कानातून पू यायला लागला. तेव्हा बायका म्हणाल्या, बरं झालं, घाण बाहेर पडतीय, आणि तेल वाढवलं.

मी भिंतीवर टिचकी मारायची. पलीकडून काही यायचं नाही.

मग एका संध्याकाळी मामांनी तिला बाहेरून हाक मारली. ती दाराकडं डावी बाजू करून तांदूळ निवडत होती. त्यांनी तीनदा हाक मारली. नंतर भिंतीतून त्यांचा आवाज आला, "बाप हाका मारतोय आनि ओ देत न्हाईस व्हय? माजलीस व्हय?" माझी आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आज पट्टा हाय." मी ताटावर बसले होते. मी मोजायचं नाही असं ठरवलं आणि तरी माझ्याकडून मोजलं गेलं. मध्येच मैत्रीण ओरडली, "ऐकू येत न्हाय मला. ह्या कानानं ऐकूच येत न्हाय." मग पट्टा थांबला.

दुसऱ्या दिवशी मामा तिला घेऊन शाळेत आले. चपला न काढता वर्गात शिरले आणि गुरुजींच्या कोटाची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उभं केलं. टोपी खाली पडली.

"माझ्या पोरीचा कान फोडला तू?"

गुरुजींनी दोन्ही हात डोक्यावर धरले आणि अंग चोरून घेतलं. दारात मारायला आलेला माणूस त्यांनी पूर्वी पाहिलेला असावा. हे मला आता कळतं. ते म्हणाले, "मी तिला हात लावलेला नाही. सगळ्यांना विचारा. हिनं मारली." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

ते खोटं बोलत नव्हते.

मामांनी कॉलर सोडली. ते माझ्यापुढं आले. मी त्यांच्या घरात किती वेळा जेवले होते. "तू मारलीस व्हय पोरी?"

मी मान हलवली. आता ते मला मारतील असं वाटलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. पण ते वळले आणि त्यांनी तिच्याच पाठीत दणका घातला. "एवढीशी शेजारची पोर मारती आनि तू मुंडी घालून खातीस? आनि पडले म्हणून सांगतीस? बास झाली शाळा." त्यांनी तिचं दप्तर उचललं, दंडाला धरून तिला बाहेर नेलं. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गुरुजींनी वाकून टोपी उचलली, झटकली, आणि त्या दिवशी पुढं कुणालाच प्रश्न विचारला नाही.

डिपोटी आले. औटकी त्यांनी विचारलीच. मी शेवटपर्यंत म्हटली, पुरे आकडेही मीच म्हटले. चौथी पास झाले, पहिली आले. आबांना सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "चांगलं झालं. पन आता एकली कशी जाशील?" त्यांनी कधी मला पट्ट्यानं मारलं नाही. पाटी आईनं आधी फळीवर ठेवली, मग धाकट्या भावाला दिली.

पुढं मामा कुटुंब घेऊन गावाकडं गेले. शेजारी दुसरं बिऱ्हाड आलं.

तिला मी नंतर एकदाच भेटले, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी, वडगावच्या बाजारात. तिला तिथंच दिलं होतं. ती कांदे निवडत होती, कडेवर मुलगी होती. मी जाऊन तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. मागून जाताना पाय आपोआप तिकडं वळले. तिनं मला ओळखलं आणि आधी माझ्या दाताकडं बघितलं.

"अजून अर्धाच हाय की गं," ती म्हणाली.

मी हसले. मला दुसरं काहीतरी बोलायचं होतं. किती वर्षं ते तोंडात धरून होते. ओठ हलले, शब्द आला नाही. बाजारात गलका होता. तिला वाटलं, मी बोलले आणि तिला ऐकू आलं नाही. तिनं चांगला कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि वाट बघत राहिली.

मला एवढंच जमलं. मी म्हणाले, "साडेचोवीस."

ती तशीच वाकून राहिली. मग तिनं तराजूत एक कांदा जास्तीचा टाकला, कांदेवालीनं तो काढून ठेवला, तिनं परत टाकला. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. आणि पिशवी धरायला माझ्यापुढं केली.