साडूंची वॉरंटी

भीतीशी इतक्या निष्ठेनं संसार केलेला माणूस आमच्या साडूंशिवाय दुसरा मी पाहिलेला नाही. माणसं सापाला भितात, पोलिसाला भितात, बायकोला भितात. साडू या तिघांनाही भितातच, पण त्यांची खरी, जिवाभावाची भीती म्हणजे घरातली वस्तू बिघडण्याची. फ्रिज जरा जोरात घरघरला की साडू हळू आवाजात बोलतात. झोपतात ते पंख्याखाली नाही, पंख्याच्या बाजूला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, सांगतात की लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा ह्यांनी गाठ दोनदा ओढून बघितली होती. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान. सकाळी अंघोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इष्टलिंगाची पूजा, आणि मग दुकान उघडून गिऱ्हाइकाला भांड्याच्या आधी धोका दाखवायचा. कुकर घ्यायला बाई आली की ते कुकर दोन्ही हातांनी धरून ठेवत आणि म्हणत, "बाई, शिट्टी ह्याच कंपनीची लावा. दुसरी लावली अन् कुकर फुटला तर माझ्याकडं येऊ नका. वॉरंटी खलास!" निम्म्या बाया ते ऐकून पातेलं घेऊन घरी जात.

अशा माणसानं नवी मोटार घ्यावी हा त्यांनी स्वतःच्याच जिवावर केलेला हल्ला होता. पण अक्कांचे गुडघे एसटीची पायरी चढेनात, तेव्हा इलाज राहिला नाही. गाडी घरी आली, गाडीसोबत वॉरंटीचं पुस्तक आलं, आणि पुस्तक इंग्रजीत निघालं. मी नांदेडला एका शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे त्या पुस्तकाचा घरचा भाष्यकार म्हणून माझी नेमणूक झाली. मी फोनवर पानापानाचा अर्थ सांगितला. एके ठिकाणी लिहिलं होतं की बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे किंवा गाडीत केलेल्या फेरफारामुळे जो भाग बिघडेल, त्या भागाची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. मी 'त्या भागाची' या शब्दांवर चांगला जोर दिला होता. साडूंनी 'जबाबदारी राहणार नाही' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीला कोणाचा हात लागू देणं बंद केलं.

सीटवरचं प्लास्टिक निघालं नाही. एप्रिलात त्यावर बसलं की पाठ चिकटायची आणि उतरताना सोलून काढल्यासारखं वाटायचं. पण कव्हर शिवून घेतलं तर त्याची सुई सीटच्या कुठल्या वायरीत शिरेल याचा भरवसा काय? अक्कांनी पुढं लिंबू-मिरची बांधली. साडूंनी ती सोडून अंगणातल्या लोखंडी फाटकाला टांगली, कारण लिंबाचा रस बंपरच्या रंगाला बाधेल. गाडीच्या पूजेत विभूती त्यांनी किल्लीला लावली आणि तीही लगेच धोतराच्या टोकानं पुसली. आमच्या मेहुण्यानं प्रेमानं धुक्यातले दिवे भेट दिले. ते साडूंनी डबा न उघडता परत केले आणि वर म्हणाले, "उदगीरला धुकं पडतच न्हाई." सकाळी सकाळी मला फोन यायचा.

"पाव्हणं, पुढं नंदी चिकटवला तर चालतंय का?"

"चालतं, अण्णा."

"डिंकानं चिकटवला तर?"

त्या काळात उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी चर्चा पुन्हा जोरात होती. सगळा गाव खुशीत. साडूंच्या मात्र चिंतेनं घशाखाली घास उतरेना. "पाव्हणं, उद्या जिल्हा झाला तर गाड्यांचा नंबर बदलंल. माझ्या कागदावर लातूरचा नंबर हाय. मग वॉरंटी कुठल्या जिल्ह्यात धरायची?" मी पोट धरून हसलो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला की साडूंना न पाहिलेली माणसंसुद्धा त्यांची नक्कल करू लागली. मला कोणी असं हसलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं, पण साडूंना ते कळतही नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच ते वर्ष. उदगीरला साडूंच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे विचारणंच लोकांनी सोडून दिलं होतं. गावाबाहेर साडूंच्या एका मित्राच्या शेतातली बोअर तेवढी जिवंत होती. साडू रोज सकाळी गाडीत कॅन घालून पाणी आणू लागले. सीटवरच्या प्लास्टिकचं सार्थक झालं म्हणून मला मुद्दाम फोन आला. आधी घरापुरतं, मग शेजारी, मग समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टरना. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नसे. साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना कॅन उचलायची बंदी. गल्लीतली माणसं सुरुवातीला उत्साहानं दोन मजले कॅन चढवत, मग एकेकाची कंबर दुखू लागली.

एका सकाळी साडू वर चौकशीला गेले. सिस्टरनी त्यांच्यापुढं चहा ठेवला, स्वतः घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साडूंनी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "कमी खाल्लं की तहान कमी लागते, भाऊ. मला माहीत आहे ना, नर्स आहे मी." साडू खाली आले, गाडीत बसले आणि मला फोन लावला.

"पाव्हणं, गाडीच्या बॅटरीवर फवारणीची मोटर चालंल का?"

शेतात औषध मारायच्या पाठीवरच्या पंपात असते, ती छोटी मोटर. तिनं पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवायचं, असा बेत होता. मला वाटलं, रोजच्यासारखीच शंका. मी टिंगलीत म्हणालो, "चालेल की! वॉरंटी जाईल फक्त."

मग साडू म्हणाले, "हाव," आणि फोन ठेवला.

शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा एक वाइंडिंगवाला त्यांनी बोलावला. त्यानं डॅशबोर्डच्या फळीखालची एक वायर कापली, तिथून फवारणीच्या मोटरला करंट दिला, नळी वर सोडली. धार करंगळीएवढी, पण सिस्टरच्या पिंपात पडायची. दोन दिवसांनी फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. मग वाइंडिंगवाल्यानं शेतावर आपल्याकडं सगळे करतात तेच केलं. फ्यूजला तांब्याची तार गुंडाळली आणि म्हणाला, "आता बापजन्मात उडायचा न्हाई." त्याचं म्हणणं खरं ठरलं. फ्यूज उडाला नाही. तीन आठवड्यांनी फळीखालून धूर आला. गाडीत पाण्याचे आठ कॅन होते, पण त्यातलं पाणी ओतायचं कोणाच्याही मनात आलं नाही. लोकांनी ओंजळीनं माती टाकून आग विझवली.

मी रजा काढून उदगीरला गेलो. साडूंचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सगळी वॉरंटी गेली, पाव्हणं. इंजिनाची बी गेली. आता गाडी उभी राहती अन् ती बाई तहानून मरती." मला हसू आलं नाही. गल्लीत एकमत झालं होतं: मोटर काढा, तार फेका, आपोआप पेटली म्हणून सांगा. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. अवघड इंग्रजीत कसं बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. गाडी ट्रकवर चढवून आम्ही लातूरच्या सर्व्हिस सेंटरला निघालो. वाटेत साडूंच्या मांडीवर ते पुस्तक, आणि हाताच्या घामानं त्याचं कव्हर ओलं झालेलं.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात साडूंनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर त्याची गाठ सोडली. आत मोटर, नळीचा तुकडा आणि ती काळी पडलेली तार. "हे मी लावलं हुतं, साहेब."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझ्याकडं वळून, साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "तीस वर्सं लोक माझ्याम्होरं शिट्टी बदलून फुटलेला कुकर ठिवायलेत. मला बघताच कळतंय. ह्यांना कळणार न्हाई का? मला लई भ्या वाटतंय खोटं बोलायचं."

साहेबांनी गाडी उघडून पाहिली. तासाभरानं येऊन म्हणाले, "फळीखालची वायरिंग तुमच्या खर्चानं. ती वॉरंटीत बसणार नाही. बाकी इंजिन, गिअर, ब्रेक, सगळ्यांची वॉरंटी आहे तशी आहे. एका वायरीपायी सगळी जात नसते, काका." हेच मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण साडूंनी ते आत्ता ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. साहेबांनी खर्चाचा कागद सहीसाठी पुढं केला. साडूंनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "अन् मोटर पुन्हा लावली तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "वायर कापू नका. सरळ बॅटरीवरून घ्या, वेगळा फ्यूज टाका. तरी त्या मोटरमुळं काही झालं तर आमच्याकडं मागू नका."

"न्हाई मागत," साडू म्हणाले. मग त्यांनी दस्तखत केलं.

आता वॉरंटीची मुदत केव्हाच संपली. सिस्टर भाचीकडं हैदराबादला गेल्या. साडूंचे सकाळचे फोन आटले, आणि खरं सांगतो, मला करमत नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांचे किस्से सांगणं मी तेव्हापासून बंद केलं. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर दोन दिवस मी उदगीरला राहिलो होतो, त्यातली एक सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. बॉनेट उघडं, मोटर घुरघुरतेय, नळी वर गेलेली, खिडकीत सिस्टर. साडू वाकून नव्या वायरीवर तळहात ठेवून उभे होते, गरम होतेय का ते बघत. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"अण्णा, फ्यूज आहे आता," मी म्हणालो. "जा की सावलीत."

"जीव घाबरा हुतोय हो, पाव्हणं," ते म्हणाले, आणि वर सिस्टरचं पिंप भरेपर्यंत तिथून हलले नाहीत.